टोप गळत नाही, तरी तो बाद का?

भांडे बाद केव्हा झाले म्हणायचे, याची आपल्या घरांतून एक पक्की कसोटी आहे. गळू लागले की बाद! पितळेच्या पातेल्याला भोक पडले, जर्मनच्या डेचकीचे बूड झिजले, की ते मोडीत जाते. तोवर चेपलेले, काळवंडलेले भांडेसुद्धा शेगडीवर चढतेच. काटकसरीच्या संसारात ही कसोटी रास्त आहे. परंतु इनॅमलच्या टोपाला ती लागू पडत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक घरांत नको त्या भांड्यात अन्न शिजते.

वस्तीत कामानिमित्त फिरताना आम्हाला असे टोप दिसतात. बाहेरून निळेशार, आत तळाला रुपयाएवढा तांबूस डाग. "दादा, गळत तर नाही ना? मग टाकायचा कशाला?" असे माउल्या विचारतात. प्रश्न चुकीचा नाही. म्हणून हे भांडे मुळात कसे बनते, ते आधी पाहू.

लोखंडावर काच

सरकारी दवाखान्यातले निळ्या काठाचे पांढरे ट्रे आणि जुनी टमरेले अनेकांना आठवत असतील. हिंदी भाषिक शेजारी त्याला तामचिनी म्हणतात. हा रंग नव्हे, ही काच आहे. पोलादाच्या पातळ पत्र्याला आकार देऊन त्यावर काचेच्या भुकटीचा पाण्यात कालवलेला लेप देतात. तो वाळवून सुमारे ८०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजतात. काच वितळून पत्र्याला घट्ट धरते. पहिला थर बहुधा गडद असतो. त्यात कोबाल्टसारखी द्रव्ये असतात आणि पकड त्यांच्यामुळेच येते. पांढरा वा रंगीत थर त्यावर चढतो.

काच असल्याने तिचे गुणही काचेचेच आहेत. चिंच, आमसूल, टोमॅटो, ताक यांचा तिच्यावर सहसा परिणाम होत नाही. जर्मनच्या भांड्यात आंबट-खारट पदार्थ ठेवला तर धातू थोडाथोडा अन्नात उतरतो. चांगल्या इनॅमलात तसे होत नाही. पाया किंवा मटणाचा रस्सा तासन्‌तास शिजवायला, सार करायला, पाणी उकळायला उंच टोप उत्तम. आत पोलाद असल्यामुळे सपाट बुडाचा टोप इंडक्शनच्या शेगडीवरही चालतो. तेथे साधा जर्मनचा चालत नाही.

पण दोषही काचेचेच आहेत. जर्मनचे पातेले आपटले तर चेपते. इनॅमलचा टोप आपटला तर टवका उडतो. पत्रा पातळ असल्याने आच सगळीकडे सारखी पोचत नाही. म्हणून पिठले, खीर, घट्ट डाळ तळाला लागते. अशा पदार्थांसाठी हा टोप घेऊ नये.

घेताना पारख

दुकानात रंगावर आणि फुलांच्या नक्षीवर जाऊ नये. पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) एकाच मापाचे दोन टोप हातात घेऊन वजन पाहावे. जड तो जाड पत्र्याचा. पातळ पत्रा दाबला की वाकतो, पण वरची काच वाकत नाही, ती तडकते.

२) टोप उजेडात धरून आतून बोट फिरवावे. टाचणीच्या टोकाएवढे छिद्र असले तरी गंज तेथूनच सुरू होतो. काठावर आणि कानांच्या जोडाजवळ लेप पूर्ण आहे का, ते पाहावे. कान आधी जोडून मग लेप दिलेला टोप चांगला.

३) आतून माशाच्या खवल्यासारखे अर्धचंद्राकृती टवके दिसले तर तो माल घेऊ नये. भाजताना पत्र्यात शिरलेला हायड्रोजन वायू नंतर बाहेर पडू पाहतो आणि काच उडवतो. हा कारखान्यातला दोष आहे. असा टोप फळीवर नुसता ठेवला तरी आणखी टवके उडू शकतात. 'सेकंड'च्या स्वस्त मालात हे विशेष तपासावे.

४) आतला रंग पांढरा, दुधी किंवा गडद असावा. भडक लाल, केशरी, पिवळ्या रंगांत कॅडमियम वापरले जाते. बाहेरून ते असले तर एक वेळ चालेल, अन्नाच्या बाजूला नको.

५) घरी आणल्यावर आत लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकून पंधरा मिनिटांनी पुसावेत. तेवढ्या जागेची चकाकी गेली, तर तो लेप आंबटाला टिकणारा नाही.

टोप मोरीत मरतो

चांगला टोपही खराब होतो तो बहुतेक वेळा आपल्या हातूनच. रिकामा टोप आचेवर ठेवू नये. तापलेल्या टोपात गार पाणी ओतू नये, काच तडकते. ढवळायला लाकडी डाव वापरावा आणि ढवळून झाल्यावर तो काठावर आपटू नये. राख, विटकर, तारेची घासणी यांनी काचेवर ओरखडे पडतात. करपले असेल तर पाण्यात खाण्याचा सोडा टाकून उकळावे आणि मग मऊ कपड्याने पुसावे. टोपात टोप ठेवताना मध्ये फडके घालावे. मोरीच्या दगडावर तर तो अलगदच ठेवावा.

हिशेब काय सांगतो?

दुकानात आपण किंमत पाहतो, वर्षे पाहत नाही. समजा, ५०० रुपयांचा टोप दोन वर्षांत गेला, तर वर्षाला २५० रुपये पडले. १००० रुपयांचा टोप दहा वर्षे टिकला, तर वर्षाला १००. कार्यालयात ज्याला घसारा म्हणतात तो हाच. आणखी एक गोष्ट आहे. पितळेचे भांडे झिजले तरी मोडीत पैसे देते, अडचणीत गहाणही पडते. त्याला पुन्हा कल्हई करता येते. इनॅमलला कल्हई नाही आणि मोडीत मिळतो तो फक्त लोखंडाचा भाव. म्हणून या भांड्याचा पैसा वसूल होतो तो केवळ टिकण्यातूनच.

टवका उडाल्यावर

बाहेरून बारीक टवका उडाला तर टोप कोरडा ठेवावा, तो चालतो. आतून उडाला की मात्र त्यात अन्न शिजवणे थांबवावे. उघड्या पोलादावर गंज चढतो, खाचेत अन्न अडकून कुजते आणि कडेची काच आणखी सुटत जाते. तो तीक्ष्ण कण लेकराच्या घासात येऊ शकतो. नेलपॉलिश किंवा एम-सील लावून हे झाकू नये. हे आमचेच म्हणणे नाही. टवका उडून गंजलेल्या इनॅमलच्या भांड्यात तयार केलेले वा साठवलेले अन्न खाण्यास अयोग्य मानावे, असे १९५५ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत होते. २०११ साली नव्या कायद्याखाली झालेल्या नियमांतही ते घेतले गेले. गळती लागली आहे काय, हे तेथे कोणी विचारलेले नाही.

असा टोप झाड लावायला घ्यावा. बालवाडीला किंवा मंडळाच्या स्वयंपाकाला तो देऊन पुण्य मिळवू नये. आणि घरकामाला जाणाऱ्या आमच्या भगिनींना एक विनंती आहे. मालकीणबाईंनी "अजून चांगला आहे, घेऊन जा" म्हणून टोप दिला, तर आधी आतून बोट फिरवून पाहा. त्यांच्या घरच्या जेवणाला जो चालत नाही, तो आपल्या लेकरांच्या जेवणालाही चालता कामा नये.