मातीवांचून शेतींतील टाकीचें पाणी घरच्या घरीं थंड कसें राखावें

मातीवांचून शेती, जीस हायड्रोपोनिक्स म्हणतात, ती आतां महाराष्ट्रांत नवलाची राहिलेली नाहीं. शहरांच्या आसपास शेडनेट व पॉलिहाऊस उभारून पालेभाज्या व लेट्यूस काढणारे बागाइतदार पुष्कळ आहेत. टाकींत पाणी, पाण्यांत खतें, आणि तें पाणी पंपानें पन्हळींतून मुळांवरून फिरवून पुन्हां टाकींत आणावयाचें, एवढाच या शेतीचा सांगाडा. ज्या ठिकाणीं ही विद्या वाढली तीं ठिकाणें मात्र थंड हवेचीं होतीं, ही गोष्ट आमच्या मतें पुरेशी ध्यानांत घेतली जात नाहीं. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे गेरिके यांनीं १९३७ सालीं हायड्रोपोनिक्स हें नांव छापून प्रसिद्ध केलें, तें बर्कलेस, समुद्राच्या गार वाऱ्यांत. भारतांत शोल्टो डग्लस यांनीं १९४६ च्या सुमारास प्रयोग केले ते कालिंपाँगास, हिमालयाच्या डोंगरांत. त्यांच्या टाकीस वैशाखाचें ऊन ठाऊक नव्हतें. आपल्या टाकीस तें चांगलेंच ठाऊक आहे.

आमच्या माहितींतील एका बागाइतदाराचें लेट्यूसचें पीक चैत्र संपतां संपतां चार दिवसांत बसलें. पानें दुपारीं मान टाकीत, सायंकाळीं थोडीं सावरत, पुढें सावरेनात. उपटून पाहतां मुळें तपकिरी व बुळबुळीत झालेलीं. ज्यानें सामान विकलें त्यानें सांगितलें कीं पाणी थंड करण्याचें तयार यंत्र घ्या. आणि त्याची किंमत अशी कीं शेड उभारण्यास काढलेल्या कर्जावर दुसरें कर्ज काढावें. असा प्रसंग अनेकांवर येतो, व यंत्र घेतलें नाहीं तर उन्हाळ्यांत, म्हणजे पालेभाजीस भाव असतो नेमक्या त्या दिवसांत, शेड मोकळी ठेवावी लागते. म्हणून हा विषय हिशेबासह मांडीत आहों. महसुलाच्या दप्तरांत वय गेल्यामुळें आंकडा समोर असल्याशिवाय आम्हांस चैन पडत नाहीं. वाचकांनीं तेवढें सोसून घ्यावें. या लेखांतील अंश सर्वत्र सेंटिग्रेडचे समजावेत.

प्रथम रोगाचें मूळ पाहूं. मुळें श्वास घेतात, व पाण्यांतील शेतींत त्यांस प्राणवायु मिळतो तो बव्हंशीं पाण्यांत विरघळलेला. एक लिटर पाण्यांत २० अंशांस सुमारें ९.१ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो. २५ अंशांस ८.३, ३० अंशांस ७.६, आणि ३५ अंशांस ७ हून किंचित् कमी. इकडे मुळांची प्राणवायूची गरज उष्णमान दहा अंश वाढलें कीं दुपटीच्या आसपास जाते. म्हणजे जमा घटली आणि खर्च दुप्पट झाला. अशा गुदमरलेल्या मुळांवर पिथियम नांवाची मूळकुज सहज बसते, आणि तिच्या कांहीं जाती तर गरम पाण्यांतच फोफावतात. टाकींत हवेचे बुडबुडे सोडल्यानें थोडा उपयोग होतो. परंतु जें पाण्यांत मावतच नाहीं तें बुडबुड्यांनीं भरतां येत नाहीं.

मग पाणी किती थंड हवें? येथें अनेकजण उगीच १८ अंशांचा हट्ट धरतात. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांतील संशोधकांनीं १९९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, तलावांतील पाणी २४ अंशांवर धरलें तर हवा ३१ अंश असतांनाही लेट्यूस विक्रीयोग्य येतें. सिंगापुरासारख्या दमट व उष्ण बेटावरही मुळें तेवढीं थंड राखून, पानें उष्ण हवेंत ठेवून, हें पीक काढतात. तेव्हां सबंध शेड थंड करण्याची गरज नाहीं, आणि पाण्याचें लक्ष्य २४ अंश धरण्यास हरकत नाहीं. १८ आणि २४ यांतील सहा अंश हे शेतकऱ्याच्या खिशांतील पैसे आहेत.

थंड करण्याआधीं ऊब आंत येऊं न देणें हें स्वस्त काम. काळी टाकी उन्हांत ठेवणें म्हणजे चुलीवर ठेवणेंच होय. टाकी जमिनींत पुरावी, तोंड झांकावें, भोंवतीं थर्माकोलचा दोन इंच थर द्यावा, आणि उघड्या नळ्यांस पांढरा रंग अगर वेष्टण असावें. एक मीटर खालची माती वर्षाच्या सरासरी उष्णमानाच्या जवळपास राहते. आपल्याकडे ती साधारण २५ ते ३० अंश भरते. त्यामुळें पुरलेली टाकी आपोआप २४ वर येणार नाहीं, पण दुपारीं ३८ वरही जाणार नाहीं. दुसरें, पाण्यांत बुडवून ठेवलेला पंप. तो जितकी वीज खातो तितकी ऊब अखेरीस पाण्यासच देतो. १०० वॅटचा पंप रात्रंदिवस चालला तर १००० लिटर पाण्यास दिवसाकाठीं दोन अंशांची भर घालतो. पंप टाकीबाहेर बसविला कीं त्याच्या मोटारीची ऊब तरी बाहेर राहते.

एवढें करून उरलेली ऊब मोजावी. एक लिटर पाणी एक अंशानें तापण्यास जी उष्णता लागते तीस आपण एक उष्णांक म्हणूं. एखाद्या कडक दिवशीं सकाळीं दहापासून चारपर्यंत दर तासास टाकीचें उष्णमान वहींत टिपावें. समजा टाकी १००० लिटरची आहे आणि पाणी तासास दीड अंश चढतें. तर शेड तासास १५०० उष्णांक टाकींत ओतीत आहे. पाणी जितकें थंड तितकी ऊब अधिक शिरते; म्हणून हें टिपण २४ अंशांच्या आसपासच्या पाण्यानें सुरू करावें, तें न जमल्यास आलेल्या आंकड्यांत एक तृतीयांश वाढवावा. हें टिपण ज्यापाशीं नाहीं त्यानें कोणतेंही यंत्र घेऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. मोजणी न करतां आकार बसविणें कसें तें आम्हीं नोकरींत पुरतें पाहिलें आहे.

आतां माठाची युक्ति. माठाचें पाणी गार होतें तें त्याच्या अंगावरून पाणी उडून जातें म्हणून. एक लिटर पाणी वाफ होऊन उडतांना सुमारें ५८० उष्णांक घेऊन जातें. १००० लिटर पाणी सहा अंशांनीं उतरविण्यास ६००० उष्णांक काढावे लागतात, म्हणजे दहा लिटरांच्या आसपास पाणी उडालें तर काम झालें. एक हंडाभर पाणी! टंचाईच्या गांवांतही हा खर्च जड नाहीं. मात्र ही युक्ति हवा कोरडी असेल तितकीच चालते. ती किती चालेल हें कळण्यास साध्या उष्णतामापकाच्या फुग्यावर ओलें मलमलीचें फडकें गुंडाळून तो पंख्याच्या वाऱ्यांत पांच मिनिटें धरावा. जो आंकडा येईल त्याच्या खालीं माठाच्या युक्तीनें पाणी कधींही जाणार नाहीं. सुबक बांधणी असूनही त्याहून तीन अंश वर थांबेल. हवा ४२ अंश व आर्द्रता शेंकडा १५ असेल, जशी विदर्भ-मराठवाड्याकडील मे महिन्यांतील दुपार, तर ओल्या फडक्याचा आंकडा २२ च्या जवळ येतो. कोंकणांत ३३ अंश व शेंकडा ७० आर्द्रता असतां तो २८ येतो. याचा अर्थ, जेथें हवा अधिक तापते तेथें ही युक्ति चालते, आणि जेथें हवा त्या मानानें सौम्य तेथें ती कुचकामी ठरते. म्हणून नागपूरकराचें ऐकून रत्नागिरीकरानें मनोरा बांधूं नये.

परंतु कोरड्या मुलखांतही दुपारच्या आंकड्यावर थांबणें बरोबर नाहीं. तीच हवा रात्रीं २४ अंशांवर उतरते, आर्द्रता शेंकडा ३५ धरली तर ओलें फडकें १५ अंश दाखवितें. घरोघर रात्रीं गच्चीवर पाणी ठेवून पहाटे तें झांकण्याची रीत होती, तिचें कारण हेंच. थंडी रात्रीं सांठवावी व दिवसा खर्चावी. त्यासाठीं टाकी मोठी पाहिजे. वरच्या उदाहरणांत तासास १५०० उष्णांक याप्रमाणें सात तासांचे १०,५०० होतात. टाकी ३००० लिटरची केली तर तेवढ्या उष्णतेनें पाणी साडेतीन अंशच चढेल: पहाटे २१ असलेलें पाणी चार वाजतां साडेचोवीस. १००० लिटरच्या टाकींत तेंच पाणी ३१ वर जाईल. टाकी एकदांच बांधावयाची असते. वीज दरमहा भरावी लागते.

मनोरा असा करावा. २०० लिटरचें प्लॅस्टिकचें पिंप घेऊन तळ कापून काढावा व तें पिंप रुंद टबावर उभें करावें. खालच्या अंगास हाताएवढ्या चार खिडक्या कापून त्यांस मच्छरजाळी लावावी. खिडक्यांच्या वर जाड जाळीचें तळ बसवून त्यावर पी.व्ही.सी. नळीचे दोन-दोन इंचांचे तुकडे अडीच फूट उंचीपर्यंत सैल ओतावेत. कूलरचे पुठ्ठ्याचे मधुकोश-पॅड चालतात, वाळा चालतो पण लवकर कुजतो. तोंडाशीं शॉवरची चाळणी, आणि त्यावर हवा वर ओढणारा बारा इंची एक्झॉस्ट पंखा. पाणी तुकड्यांवरून ठिबकत खालीं येतें, कोरडी हवा खिडक्यांतून वर जाते, आणि टबांत गार पाणी सांठतें.

येथें एक गोष्ट कटाक्षानें पाळावी. खताचें पाणी या मनोऱ्यांतून फिरवूं नये. पाणी उडतें, क्षार मागें राहतात व द्रावण दिवसेंदिवस कडक होतें. शिवाय धूळ व शेवाळ टाकींत जातें. मनोऱ्यांत साधें पाणी फिरवावें, आणि तें पाणी टाकींत बुडविलेल्या नळीच्या वेटोळ्यांतून नेऊन पुन्हां चाळणीवर सोडावें. वेटोळ्यास ठिबकची १६ मिलिमीटरची कोरी नळी उत्तम. ती उष्णता हळू सोडते म्हणून लांबी घ्यावी लागते; १०० मीटर नळी तीन अंशांच्या फरकास तासाला हजाराच्या थोडे वर उष्णांक नेते. १०० मीटरचीं दोन वेटोळीं शेजारीं शेजारीं जोडावीं, म्हणजे पाण्यास अडथळाही कमी होतो. तांब्याची नळी थंडी चटकन देते हें खरें, पण खताच्या आम्लधर्मी पाण्यांत तांबें विरघळतें व थोड्या अधिक मात्रेनेंही मुळांस विष होतें. ज्यांस ऐपत असेल त्यांनीं स्टेनलेस स्टीलची घ्यावी. पंखा व पंप रात्रीं नऊ ते सकाळीं सहा चालवावेत. ज्या गांवीं शेतपंपाची वीज अजून रात्रींच येते तेथें ती निदान या कामास तरी गैरसोयीची नाहीं.

कोंकण व किनारपट्टीच्या बागाइतदारांस मात्र वायुशीतकाचें यंत्रच हवें. एक टनी यंत्र तासाला सुमारें ३००० उष्णांक काढतें. उन्हाळ्याच्या हवेंत त्याचे तीन-चतुर्थांशच हिशेबास धरावेत. जुना खिडकीचा ए.सी. थोडक्यांत मिळतो. त्याचें गार होणारें जाळें गॅसची नळी न तोडतां, हलकें वळवून, साध्या पाण्याच्या वेष्टित टबांत उतरवितां येतें, व त्या टबांतील पाणी वरच्याप्रमाणेंच वेटोळ्यांतून फिरवावें. हें जाळें तांब्या-ॲल्युमिनियमचें असल्यामुळें खताच्या पाण्यांत तें थेट बुडवूं नये. पुढचा व मागचा पंखा एकाच मोटारीवर असतात. पुढचें चाक काढावें, मोटार काढूं नये, नाहीं तर मागील जाळें तापून यंत्र बसेल. टबाचें पाणी १० अंशांखालीं जाऊं न देणारा नियंत्रक लावावा, आणि एकदां बंद पडलेलें यंत्र तीन मिनिटांच्या आंत पुन्हां सुरू होणार नाहीं अशी त्यांत सोय असावी. हेंही रात्रीं चालविलें तर कमी विजेंत अधिक काम देतें. नळी वळविण्याचें काम माहितगार मेकॅनिककडूनच करवावें. कांहीं नव्या यंत्रांतील गॅस पेट घेणारा असतो.

पाणी व वीज एका जागीं आलीं म्हणजे अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरवर तुटणारा गळती-रोधक स्विच यांवांचून एकही पंप सुरू करूं नये. हा खर्च टाळण्याचा विचार ज्याच्या मनांत येईल त्यानें टाकींत हात कोण घालतो हें आठवावें. बहुधा तो आपला मुलगा अगर गडी असतो.

बर्फाविषयीं कोणी विचारतील. एक किलो बर्फ वितळून २२ अंशांवर येईपर्यंत सुमारें १०२ उष्णांक घेतो. १००० लिटर सहा अंशांनीं उतरविण्यास ५९ किलो लागेल, आणि उद्यां पुन्हां तितकाच. वीज गेली असतां पीक एक दुपार तारण्यापुरता तो ठीक. तोही बंद बाटल्यांत भरून टाकावा, म्हणजे द्रावण पातळ होणार नाहीं.

मनोऱ्याच्या टबांतील पाणी आठवड्यास बदलावें, कारण क्षार तेथेंही सांठतातच. मृगाचा पाऊस लागला व ओल्या फडक्याचा आंकडा रात्रीं २२ च्या वर राहूं लागला कीं मनोरा बंद करावा, तुकडे काढून धुवून वाळवावेत, आणि पंखा घरांत ठेवावा.