नकाशावरचं वर्तुळ आणि मळ्यातली वाट

मंडळी, उपकेंद्र कुठं असावं हे कागदावर लोकसंख्येनं ठरतं. सपाट भागात साधारण 5,000 लोकांमागे एक उपकेंद्र आणि 30,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा सरकारी निकष आहे. पण माणसं काही निकषाप्रमाणं राहत नाहीत. आपला तासगाव तालुकाच घ्या. द्राक्षबागा आल्या तशी कितीतरी घरं गावठाण सोडून मळ्यात गेली. छाटणीच्या हंगामात तर बाहेरगावचे मजूर बागेतच मुक्काम करतात. नकाशावर मात्र अख्ख्या गावाचा एकच ठिपका असतो.

आता समजा, सावळजच्या आरोग्य केंद्राभोवती आपण पाच किलोमीटरचं वर्तुळ काढलं. एखादी वस्ती त्यात सहज बसते. पण मध्ये ओढा असला आणि पूल लांब असला, तर पावसाळ्यात बाळंतीण बाईला केवढा वळसा पडेल? वर्तुळ ते सांगत नाही.

ही गोष्ट नवी नाही. 1854 साली लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी कुठल्या घरात किती मृत्यू झाले ते नकाशावर मांडलं. पुढच्या नकाशात त्यांनी पंपापर्यंतचं अंतर सरळ रेषेत न मोजता पायी चालण्याच्या वाटेनं मोजलं. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावर त्यांचा संशय आधीच होता, नकाशानं त्याला बळ दिलं.

वेबवरच्या नकाशात हेच काम थरांनी होतं. एका थरात वस्त्या, दुसऱ्यात रस्ते, तिसऱ्यात उपकेंद्रं. हवा तो थर दाखवायचा, नको तो झाकायचा. पूल बंद धरला तर कुठल्या वस्त्या तुटतात, हे लगेच दिसतं. 2004 साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर तर मळ्याची वाट कुणालाही भरता येते. ती वाट सगळ्यात चांगली माहीत असते आशाताईंना, म्हणून नकाशा आधी त्यांच्यापुढं ठेवायचा.

एक पथ्य मात्र पाळायचं. क्षयरोग्याचं किंवा गरोदर बाईचं घर उघड्या नकाशावर दाखवायचं नाही. तिथं वस्तीचा फक्त एकूण आकडा द्यायचा. लहान वस्तीत एक-दोनच रुग्ण असतील, तर तोही नाही. नाहीतर सोयीसाठी काढलेला नकाशा चावडीवरच्या चर्चेचा विषय होतो.

तेव्हा ग्रामसभेत नुसतं ‘उपकेंद्र द्या’ म्हणू नका. नकाशा उघडून विचारा, ‘या वस्तीतून रात्री दवाखान्यात पोचायला किती वेळ लागतो?’ मागणीला तिथून वजन येतं.