रोजकीर्दीच्या समासात

वडिलांच्या मागे राहिलेल्या सामानाची व्यवस्था लावताना लाल बासनात बांधलेल्या त्रेचाळीस लांबट वह्या हाती आल्या, आणि यंदाचा सबंध चैत्र-वैशाख मी त्या वाचण्यात घालवला. वडील नागपुरातल्या एका सरकारी दप्तरात हिशेबनीस होते. दिवसभर कचेरीची कीर्द-खतावणी सांभाळून सायंकाळी घरी आले म्हणजे हातपाय धुऊन, कंदिलाच्या नाही तर दिव्याच्या उजेडात, घरचा जमाखर्च ते त्याच वळणदार अक्षरात आणि त्याच कडक शिरस्त्याने लिहीत. १९७१ पासून २०१३ पर्यंत दर वर्षाची एक वही. डावीकडे जमा, उजवीकडे नावे, आणि मार्च ते जून या चार महिन्यांत पानाच्या समासात रोज एक आकडा, म्हणजे वर्तमानपत्रातून उतरवून घेतलेले आदल्या दिवशीचे कमाल तापमान. १९८२ पासून त्या आकड्याखाली आणखी एक त्रोटक नोंद दिसू लागते: ‘मोटार ठीक’, किंवा ‘मोटार बंद’. ऊन, खर्च आणि मोटार, हे तीन विषय आमच्या घरी एका पानावर नांदत होते. आणि संध्याकाळी आमच्या अंगणात जमणाऱ्या मंडळींच्या बोलण्यातही तेच तीन विषय असत.

महालातल्या आमच्या गल्लीत त्या काळी उन्हाळ्याची संध्याकाळ ही एक सार्वजनिक घटना असे. सूर्य कलला, भिंतींची धग किंचित ओसरली, म्हणजे अंगणात पाण्याचा सडा पडे, तापलेल्या मातीतून वाफ उठे, बाजा बाहेर येत, रांजणाशेजारी फुलपात्रे मांडली जात, आणि दिवसभर दारे-खिडक्या लावून अंधारात बसलेली माणसे एकेक करून बाहेर पडत. आलेला प्रत्येक जण बसण्यापूर्वी एकच वाक्य बोले: “काय तपून राहिलं हो आज!” त्याला कोणी उत्तर देत नसे, कारण तो प्रश्न नव्हताच, दिवस पार पडला, आपण सारे पुन्हा येथे आहोत, एवढीच त्याची नोंद होती. मग कोणी तरी भावाचा विषय काढी. ज्यांनी असे बोलणे निरर्थक म्हणून हिणवले, त्यांनी ते कधी मन लावून ऐकले नसावे, असे आता या वह्या वाचून झाल्यावर मी निःशंकपणे म्हणू शकतो.

पहिल्या दोन-तीन वह्यांतच महागाईचे सावट दाट आहे. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्यावर आणि पश्चिम महाराष्ट्रावर अधिक कठोरपणे कोसळला, हे खरे. तथापि रेशनच्या दुकानात आलेला तांबडा मायलो आमच्याही ताटात आला, आणि त्याची भाकरी थापताना आईच्या हाताखाली ती कशी चिरत असे हे मला अद्याप दिसते. त्याच सुमारास मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींच्या पुढाकाराने गृहिणी लाटणी हाती घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. ती बातमी वडिलांनी अंगणात मोठ्याने वाचून दाखवली तेव्हा स्वयंपाकघरातल्या बायका दाराशी येऊन उभ्या राहिल्या. १९७३ च्या अखेरीस अरब राष्ट्रांनी तेल रोखले, काही महिन्यांत जगातला तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला, आणि रॉकेलचे डबे घेऊन आमच्या गल्लीची रांग पहाटे चारला लागू लागली. पुढे १९७४ च्या मे महिन्याच्या ८ तारखेस रेल्वेचा संप सुरू झाला आणि वीस दिवस चालला. नागपूर हे रेल्वेच्या चौरस्त्यावरचे गाव. अजनीकडे राहणारे, रेल्वेत नोकरीला असलेले वडिलांचे एक स्नेही त्या वीस दिवसांत रोज संध्याकाळी आमच्याकडे येत आणि उन्हाविषयी बोलत. पगाराविषयी त्यांनी अवाक्षर काढले नाही. त्या महिन्याच्या वहीत गहू आणि तुरीची दाळ यांची खरेदी दुप्पट लिहिलेली आहे, आणि समोर खुलासा म्हणून दोनच शब्द आहेत: ‘दोन घरे’.

त्या दोन शब्दांपाशी मी बराच वेळ थांबलो. आमच्या घरी वर्षाची बेगमी उन्हाळ्यातच होत असे: गव्हाला एरंडेल चोळून कोठ्या भरायच्या, भिवापुरी मिरच्या छतावर वाळवून कांडून आणायच्या, कुरडया, सांडगे, पापड उन्हात घालायचे आणि कावळे हाकायला मुलांना बसवायचे. हा खर्च मोठा असे आणि एकदम येत असे, म्हणून त्याची चर्चा चैत्रापासूनच सुरू होई. त्या चर्चेत एखादी शेजारीण सहज म्हणून जाई, “यंदा दाळीनं तर कमालच केली बाई,” आणि आई तेवढ्याच सहजपणे, “हो ना वहिनी, कायच्या काय भाव करून ठेवले,” असे म्हणून विषय दुसरीकडे नेई. दुसऱ्या दिवशी मात्र ‘आज वरण जरा जास्तीच शिजलं’ या सबबीवर एक भरलेले पातेले त्यांच्याकडे जाई. मागणे झाले नाही, देणे झाले नाही, कोणाची मान खाली गेली नाही. गरजेला बोलता यावे म्हणून आमच्या लोकांनी भावाचा विषय राखून ठेवला होता, ही गोष्ट तेव्हा मला उमजली नव्हती.

मोटार आमच्याकडे १९८२ साली आली. जुनी, दोन हातांतून उतरलेली. नवी मोटार ही तेव्हा पैशांपेक्षा धीराची बाब होती. कुर्ल्याला बनणारी पद्मिनी आणि उत्तरपाड्याची अँबॅसडर यांवाचून फारशी निवड नव्हती, आणि नाव नोंदवून वर्षानुवर्षे पाळी येण्याची वाट पाहावी लागे. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती रस्त्यावर आली तरी मध्यम घरांतून ती दिसू लागायला पुष्कळ काळ जावा लागला. तेव्हा आमच्या गल्लीत असलेली एकुलती मोटार ही सगळ्या गल्लीची चिंता होऊन बसली. उन्हाळ्यात तिचे पाणी उकळे, पंख्याचा पट्टा तुटे, बॅटरीतले पाणी आटे, आणि या सर्वांहून छळवादी दुखणे म्हणजे भर उन्हात ती चालता चालता आचके देऊन बंद पडे. मिस्त्री म्हणत, “पेट्रोल वर येत नाही.” त्या पिढीतल्या कार्ब्युरेटरच्या कोणत्याही मोटारीस हे दुखणे जडू शके. इंजिनाला लागूनच पेट्रोलचा पंप. इंजिनाच्या धगीने नळीतल्या पेट्रोलची वाफ होई, आणि द्रव ओढण्यासाठी घडवलेला तो पंप वाफेपुढे निरुपाय होई. उपाय एकच होता: पंपावर ओले फडके गुंडाळायचे आणि स्वस्थ उभे राहायचे.

वडिलांना या उपायाचे मोठे कौतुक वाटे. रांजणाच्या अंगावर पाझरलेले पाणी उडते म्हणून आतले पाणी गार होते, कूलरच्या गवतातून झिरपणारे पाणी उडते म्हणून खोली गार होते, आणि ओल्या फडक्यातले पाणी उडते म्हणून तापलेला पंप निवतो. “पाणी उडालं की गारवा, पेट्रोल उडालं की खोळंबा,” असे ते अंगणातल्या मुलांना समजावून सांगत. नागपूरची हवा कोरडी, म्हणून येथे कूलर चालतो आणि मुंबईच्या दमट हवेत तोच निरुपयोगी ठरतो, हेही मी त्यांच्याकडूनच शिकलो. मार्च लागला की मिस्त्रीला बोलावून कूलरचे जुने गवत काढायचे, लोखंडी चौकटींना तारेची जाळी बांधून नवे भरायचे, हातात असला तर थोडा वाळा मिसळायचा. पहिल्यांदा पंप सुरू करून पाणी खाली ओघळू लागले म्हणजे जो वास घरभर पसरे तो आमच्या उन्हाळ्याचा वास होता.

१९८४ च्या वहीत नवतप्यातले एक पान असे आहे की त्याच्या समासात तापमान लिहिलेले नाही. त्रेचाळीस वर्षांच्या उन्हाळ्यांत मला एवढेच एक पान कोरे आढळले. सूर्य रोहिणीत गेल्यावर, २५ मेच्या आसपास, जे नऊ दिवस विदर्भात सर्वांत कडक मानले जातात त्यांतलाच तो एक दिवस होता. आमच्या शेजारचे सेवानिवृत्त मास्तर त्या दुपारी चार वाजता, ज्या वेळी कोणी दाराबाहेर पाऊल ठेवीत नाही अशा वेळी, आमच्याकडे आले. डोक्याला गमछा, पायांत वहाणा नाहीत. “फारच तपलं आज,” ते म्हणाले. वडिलांनी त्यांना बसायला सांगितले, पाणी दिले. त्यांनी ते प्याले नाही. “फारच तपलं,” ते पुन्हा म्हणाले, आणि मग जरा थांबून, “तुमची गाडी आता ठीक चालते ना भाऊ?” वडील उठले. त्यांनी काही विचारले नाही. खुंटीवरची किल्ली घेतली आणि आईला नुसती हाक मारली.

मास्तरांच्या घरी काकू बाजेवर पडल्या होत्या. अंग भट्टीसारखे तापलेले, पण घामाचा थेंब नाही. डोळे उघडे, पण माणूस ओळखीत नव्हत्या. आईने ओली चादर अंगावर टाकली, काखेत बर्फ धरला. मोटार गल्लीच्या तोंडापर्यंत गेली आणि तेथे आचके देऊन बंद पडली. वडिलांनी झाकण उघडले, आईने काकूंच्या अंगावरच्या चादरीचे टोक टर्रकन फाडून दिले, आणि ते ओले टोक पंपाभोवती गुंडाळून आम्ही सारे उभे राहिलो. तो काळ किती होता हे मला सांगता येणार नाही. डांबर चपलेला चिकटत होते. मास्तर मोटारीच्या सावलीत बसून हलक्या आवाजात, कोणाला उद्देशून नव्हे, तेच तेच म्हणत होते की यंदा बर्फाचा भाव फार वाढला आहे. अखेर मोटार सुरू झाली. काकू वाचल्या आणि पुढे अनेक वर्षे कुरडया घालताना आईच्या शेजारी बसत राहिल्या. त्या दिवसाच्या नावेच्या बाजूस ‘बर्फ’, ‘पेट्रोल’ आणि ‘चादर १ बाद’ अशा तीन नोंदी आहेत. मास्तरांच्या नावावर काहीही मांडलेले नाही.

नंतरच्या वह्या मी अधिक वेगाने उलटल्या. १९९८ च्या कांद्याने सरकारे हादरवली, त्याची आमच्या अंगणातही रात्र-रात्र चर्चा झाली. २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाने भर दुपारी कूलर बंद पडत, आणि काही काळ लोक पुन्हा अंगणात दिसू लागले. वीज नियमित झाली तशी ती मंडळी पुन्हा घरात गेली. मोटारीच्या नोंदी विरळ होत जातात, कारण कार्ब्युरेटर गेले, पंप पेट्रोलच्या टाकीतच बसू लागला, आणि ओल्या फडक्याची विद्या निकामी झाली. २०१० च्या जूनमध्ये पेट्रोलचा भाव सरकारी नियंत्रणातून मोकळा झाला, त्या पानावर वडिलांनी फक्त तारीख अधोरेखित केली आहे. शेवटच्या वहीत, २०१३ च्या मे महिन्यात, कापऱ्या हाताने लिहिलेला ४७.९ हा आकडा आहे; २३ मेचा तो दिवस नागपूरच्या नोंदीतला सर्वांत तप्त ठरला. त्याखाली ‘मोटार ठीक’ असे लिहिलेले आहे, जरी ती मोटार विकून तेव्हा बरीच वर्षे झाली होती. हे मात्र मला पुढे वाचवेना, आणि मी वही मिटली.

आता मी त्याच गल्लीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहतो. उन्हाविषयी बोलणे सरलेले नाही. २०२४ च्या मेअखेरीस एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, तेव्हा दोन दिवस गावात दुसरा विषय नव्हता. संवेदक बिघडल्याचा खुलासा हवामान खात्याने केल्यावरही लोक त्या आकड्याविषयी बोलतच राहिले. २०१५ मध्ये तुरीची दाळ दोनशे रुपयांवर गेली तेव्हाचे बोलणे, सिलिंडरने हजाराचा आकडा ओलांडला तेव्हाचे, आणि आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आल्यापासून गाडी लिटरमागे कमी चालते हे पंपावरचे बोलणे, हे सगळे मी ऐकत आलो आहे. फक्त त्यासाठी बसायला अंगण उरलेले नाही. जे काही बोलायचे ते जिन्यात, उद्वाहनात, चालता चालता.

गेल्या आठवड्यात समोरच्या घरातला मुलगा, जो दिवसभर दुचाकीवरून घरोघरी जेवण पोहोचवतो, दुपारी खालच्या दाराशी भेटला. “काय तपून राहिलं काका,” तो म्हणाला. मी हो म्हटले. तो गेला नाही. गमछ्याने मान पुसत म्हणाला, “कूलरचे भाव तर पाहूनच घेतले या वर्षी.” मी विचारले, “घरी कोण आहे?” गावाहून आई आली होती, चार दिवसांपासून तिला झोप नव्हती.

वडिलांचा जुना लोखंडी कूलर छतावरच्या खोलीत होता. आम्ही दोघांनी तो खाली आणला, गंज खरवडला, कॉटन मार्केटकडून गवत आणि एक छोटा पंप आणला, तारेच्या जाळ्या बांधल्या. मला वळण आठवत होते, हातांना जरा वेळ लागला. संध्याकाळी त्याच्या खोलीत पंप सुरू केला. पाणी आधी एका कोपऱ्यातून, मग तिन्ही बाजूंनी ओघळू लागले, आणि त्याची आई खाटेवर उठून बसली. घरी येऊन मी २०१३ ची वही पुन्हा उघडली. मागे बरीच पाने कोरी आहेत. नावेच्या बाजूस लिहिले: गवत, तीन बाजू, पंप, एक, तार. समासात त्या दिवशीचे तापमान लिहिण्यासाठी वर्तमानपत्र शोधायला उठलो.