संख्याशास्त्राच्या वर्गातले खरे आकडे

संख्याशास्त्र शिकवताना प्रत्यक्षातले आकडे वापरावेत, ही कल्पना नवी नाही. आड येत होती ती आकडेमोड. 1908 मध्ये विल्यम गॉसेट यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लहान नमुन्यांच्या सरासरीवर शोधनिबंध लिहिला. सूत्र पडताळण्यासाठी 3,000 गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर उतरवली गेली, तुकडे पिसले गेले आणि चार-चारचे 750 नमुने पाडून प्रत्येकाची सरासरी व प्रमाण विचलन काढले गेले. तासाभराच्या वर्गात एवढा खटाटोप कोण करणार? त्यामुळे उत्तर सुटसुटीत यावे म्हणून बेतलेली उदाहरणेच पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ नांदली.

रोनाल्ड फिशर यांनी 1936 मध्ये वापरलेली आयरिसच्या फुलांची मापे हा त्यातला टिकाऊ अपवाद. एडगर अँडरसन यांनी नोंदवलेल्या या तक्त्यात तीन प्रजातींची 150 फुले आणि प्रत्येकाची चार मापे आहेत. एकही रकाना रिकामा नाही. ही सोयच त्याला तारून गेली.

1973 मध्ये फ्रान्सिस अँस्कम यांनी 11-11 जोड्यांचे चार तक्ते मांडले. चारही तक्त्यांत ‘क्ष’ची सरासरी 9, ‘य’ची 7.5 आणि सहसंबंध गुणांक सुमारे 0.816. आलेख काढल्यावर मात्र एकात साधासा चढता कल दिसतो, दुसऱ्यात कमान, तिसऱ्यात एका चुकार बिंदूने बिघडवलेली सरळ रेषा, आणि चौथ्यात उभी रांग व लांब पडलेला एकटा बिंदू. गंमत म्हणजे हे आकडे मुद्दाम रचलेले होते. तरी डेटा आधी डोळ्यांनी पाहावा, हे त्यांच्याइतके थोडक्यात कोणी पटवले नसेल. जॉन टुकी यांच्या 1977 च्या ‘एक्सप्लोरेटरी डेटा अ‍ॅनालिसिस’ने याच दृष्टीला शिस्त दिली.

संगणक हाताशी आला आणि चक्रे फिरली. 1992 मध्ये अमेरिकेत जॉर्ज कॉब यांनी अध्यापनात डेटा व संकल्पना वाढवण्याची, ठरीव कृती घटवण्याची शिफारस केली. 1993 पासून ‘जर्नल ऑफ स्टॅटिस्टिक्स एज्युकेशन’ इंटरनेटवर येऊ लागले. त्यात आकड्यांसोबत त्यांची पार्श्वभूमीही छापली जाई. 2000 मध्ये ‘आर’ या मोफत भाषेची पहिली पूर्ण आवृत्ती आली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये ‘सेन्सस अ‍ॅट स्कूल’ सुरू झाले: मुलांनी स्वतःविषयीची प्रश्नावली भरायची आणि जमलेल्या डेटातून वर्गासाठी नमुना घ्यायचा. 2006 मध्ये हान्स रोसलिंग यांच्या व्याख्यानातले देशांचे सरकते बुडबुडे जगभर पाहिले गेले. गॉसेट यांचे 750 नमुने आता ब्राउझरमध्ये पापणी लवण्याआत पडतात.

आकडेमोडीचा भार उतरल्यावर दुसराच प्रश्न पुढे आला: हा डेटा आला कुठून? फिशर यांचा लेख सुप्रजननशास्त्राच्या नियतकालिकात छापला होता, हे अनेक शिक्षकांना खुपू लागले. पर्याय म्हणून 2020 मध्ये अंटार्क्टिकातल्या पामर द्वीपसमूहावरील 344 पेंग्विनांची मापे ‘आर’मध्ये खुली झाली. यात काही रकाने रिकामे आहेत, आणि शिकवायला तेच बरे. चोचीची लांबी व जाडी यांचा सगळ्या पक्ष्यांसाठी मिळून काढलेला सहसंबंध ऋण, सुमारे -0.24 येतो. तीन प्रजाती वेगळ्या केल्या की प्रत्येकीत तो धन होतो: अ‍ॅडेलीत 0.39, जेंटू आणि चिनस्ट्रॅपमध्ये सुमारे 0.65. सिम्पसनचा विरोधाभास समजवायला याहून सोपे उदाहरण शोधून सापडणार नाही.

भारतात 2012 मध्ये केंद्र सरकारचे खुल्या डेटाचे संकेतस्थळ सुरू झाले आणि इथल्या वर्गांनाही कच्चा माल मिळाला. तो खरोखरच कच्चा असतो. 2011 च्या जनगणनेत बीडचे इंग्रजी स्पेलिंग तीन अक्षरांचे आहे, अन्यत्र बहुधा चार अक्षरांचे. जिल्ह्याच्या नावावरून असे दोन तक्ते जोडले की बीड गुपचूप गळते. ठाण्याचे दुखणे निराळे. 2011 मध्ये 1 कोटी 10 लाखांवर लोकसंख्या असलेल्या या जिल्ह्यातून 2014 मध्ये पालघर वेगळा झाला. आधीचे आणि नंतरचे आकडे तसेच शेजारी मांडले, तर ठाणे रिकामे होत चालल्याचा निष्कर्ष निघतो. तो टाळायचा, तर विद्यार्थ्याने सॉफ्टवेअर उघडण्याआधी नकाशा उघडायला हवा.