बटण दाबल्यापासून दार लागेपर्यंत : गाडीचं सेंट्रल लॉक

संकेश्वरहून गडहिंग्लजमार्गे आंबोली-बांद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आजरा लागतं. पश्चिमेला आंबोलीचा घाट, उशाला हिरण्यकेशी. मृगाचा पाऊस सुरू झाला की गणपतीपर्यंत इथल्या गाड्या क्वचितच कोरड्या असतात. या दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते: रिमोट दाबला, तीन दारं लागली, चौथं लागलंच नाही. किंवा सगळी लागली आणि लगेच उघडली. मग कोणी रिमोटचा सेल बदलतं, कोणी थेट नवा किट बसवून घेतं. दोष मात्र बऱ्याचदा तिसरीकडेच असतो. बटणापासून दारापर्यंत काय काय घडतं ते एकदा समजून घेतलं, तर दोष कुठे शोधायचा ते कळतं. वीज गेली तर दार कसं उघडायचं हेही कळतं, आणि ते जास्त महत्त्वाचं आहे.

सुरुवात दारापासून करू. दार बंद धरून ठेवण्याचं काम कुलूप करत नाही, लॅच करतं. गाडीच्या चौकटीवर लोखंडाची एक जाड कडी पक्की बसवलेली असते, तिला स्ट्रायकर म्हणतात. दाराच्या कडेला असलेल्या लॅचमध्ये आकड्यासारखी एक फिरती पट्टी असते. दार ढकललं की स्ट्रायकर या आकड्यात शिरतो, आकडा फिरून त्याला कवेत घेतो आणि मागून एक खिट्टी येऊन आकड्याला अडवते. ही खिट्टी दोन टप्प्यांत बसते. दार हळू लोटलं तर ती पहिल्याच टप्प्यावर अडकते. दार लागल्यासारखं दिसतं, पण हलतं आणि डॅशबोर्डवरचा दिवा विझत नाही. जोरात लोटलं की ती दुसऱ्या टप्प्यावर पक्की बसते. हँडल ओढल्यावर एक दांडी किंवा केबल खिट्टीला बाजूला करते, आकडा सुटतो आणि दार उघडतं.

मग लॉक काय करतं? ते हँडल आणि खिट्टी यांच्यातला दुवा तोडतं. सायकलचं पायडल उलटं मारलं की ते फिरतं पण चाकाला जोर लागत नाही, तसं लॉक लावल्यावर बाहेरचं हँडल हलतं पण खिट्टीपर्यंत पोहोचत नाही. लॉक उघडलं की दुवा पुन्हा जुळतो. हा दुवा जोडायला-तोडायला फार थोडी ताकद पुरते. म्हणूनच मुठीत मावेल एवढी मोटार हे काम करू शकते. मागच्या दारांचं चाइल्ड लॉक याच तत्त्वावर चालतं, फक्त ते आतल्या हँडलचा दुवा तोडतं. ते लावलेलं असेल तर मागचं दार आतून उघडत नाही, बाहेरून उघडतं.

आता मोटारीकडे येऊ. दाराचं आतलं पॅड काढलं की लॅचजवळ प्लास्टिकची एक डबी दिसते, तिला अ‍ॅक्च्युएटर म्हणतात. आत १२ व्होल्टवर चालणारी छोटी मोटार असते. ती वेगाने फिरते, पण तिच्यात जोर कमी असतो. म्हणून तिच्यापुढे दातेरी चाकं बसवलेली असतात. ती वेग कमी करतात, जोर वाढवतात आणि फिरण्याचं रूपांतर पुढे-मागे सरकण्यात करतात. सरकणारी दांडी लॉकच्या दांडीला जोडलेली असते. कंपनीतून आलेल्या नव्या गाड्यांत मोटार बहुधा लॅचच्याच पेटीत असते, त्यामुळे बिघाड झाला की अख्खं लॅच बदलावं लागतं. अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात बसवलेल्या किटमध्ये डबी वेगळी असते आणि दांडीला क्लॅम्पने जोडलेली असते.

मोटार एकच असते. मग ती कधी लावते आणि कधी उघडते ते कसं ठरतं? तिच्या दोन वायरी आहेत. स्वस्थ असताना दोन्ही अर्थला जोडलेल्या असतात. लॉक करताना रिले (विजेने चालणारा स्विच) एका वायरीला बॅटरीचे १२ व्होल्ट देतो, दुसरी अर्थवरच राहते, आणि मोटार एका दिशेने फिरते. उघडताना हेच उलट होतं. वीज मिळते ती साधारण अर्ध्या ते एका सेकंदापुरती. दांडी टोकाला पोहोचल्यावरही वीज चालू राहिली तर अडकलेली मोटार तापून जळेल, म्हणून हा झटका मुद्दाम छोटा ठेवलेला असतो. आपल्याला ऐकू येणारा ‘खट्’ हा आवाज त्या झटक्याचाच.

चालकाच्या दाराकडे एक जास्तीचं काम असतं. त्याचं लॉक हाताने किंवा चावीने फिरवलं तरी बाकीच्या दारांना तसा निरोप जावा लागतो. म्हणून तिथल्या डबीत मोटारीबरोबर एक स्विचही असतो. बाजारातल्या किटमध्ये चालकाच्या दाराला पाच वायरी आणि बाकीच्या दारांना दोन-दोन वायरी असतात, त्याचं कारण हेच. पाचांपैकी हिरवी आणि निळी बहुधा मोटारीच्या, पांढरी, तपकिरी आणि काळी स्विचच्या. स्विचचा निरोप डॅशबोर्डखालच्या कंट्रोल पेटीकडे जातो आणि ती सगळ्या दारांना एकदम झटका देते. कंपनीच्या गाडीत हे काम बॉडी कंट्रोल मॉड्यूल करतं. तेच दिवे, वायपर आणि काचांवरही लक्ष ठेवतं.

ही रचना एका दिवसात आलेली नाही. अमेरिकेत १९५६च्या पॅकार्ड गाड्यांत विजेवर चालणारी दारांची कुलपं आली. मर्सिडीजने पुढे अनेक वर्षं विजेच्या मोटारीऐवजी हवेचा उपयोग केला. इंजिनात तयार होणारी पोकळी नळ्यांमधून दारांपर्यंत नेली जाई आणि तिच्या ओढीने लॉक हलत असे. दुरून कुलूप उघडणारा रिमोट १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या रेनो फुएगो गाडीत आला. तो टीव्हीच्या रिमोटसारखा इन्फ्रारेड किरणांवर चालत होता, त्यामुळे गाडीकडे नेम धरावा लागे. नंतर त्याची जागा रेडिओ लहरींनी घेतली.

आज आपल्याकडचे बहुतेक रिमोट ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर बोलतात. भारतात या पट्ट्यात कमी ताकदीच्या उपकरणांना वेगळा परवाना लागत नाही. बटण दाबलं की रिमोट एक सांकेतिक संदेश पाठवतो. त्यात रिमोटची ओळख, कोणतं बटण दाबलं त्याची खूण आणि दर वेळी बदलणारा आकडा असतो. हा आकडा फार कामाचा. संदेश दर वेळी सारखाच असता तर जवळ उभ्या असलेल्या चोराने तो टिपून नंतर पुन्हा वाजवला असता. बदलत्या आकड्यामुळे एकदा वापरलेला संदेश गाडी परत स्वीकारत नाही.

पण रिमोट खिशात असताना नकळत दाबला गेला, तर त्याचा आकडा पुढे जातो आणि गाडीचा मागे राहतो. त्याचीही सोय केलेली असते. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेल्या आणि जगभर पसरलेल्या कीलॉक पद्धतीत गाडी आपल्या शेवटच्या आकड्यापुढचे १६ आकडे बिनदिक्कत मान्य करते. त्यापलीकडे गेलं तर लागोपाठ दोन संदेश नीट जुळावे लागतात. म्हणून खिशातला रिमोट पहिल्या दाबाला गप्प राहतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला चालतो, तेव्हा तो बिघडलेलाच असतो असं नाही.

रिमोटचा सेल बहुधा सीआर २०३२ जातीचा, ३ व्होल्टचा असतो. तो उतरू लागला की रिमोटची पोच कमी होते. आधी अंगणातून लागणारी गाडी आता दारापाशी गेल्यावरच लागते. हा इशारा ओळखून सेल वेळेवर बदलावा. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. गाडी चालू होऊ देणारा इमोबिलायझर वेगळा असतो. चावीच्या डोक्यातल्या त्याच्या चिपला सेल लागत नाही, इग्निशनमध्ये चावी घालायच्या छिद्राभोवतीच्या कॉइलमधूनच तिला शक्ती मिळते. म्हणून सेल संपला तरी चावीने दार उघडून गाडी चालू करता येते. बटण-स्टार्टच्या गाड्यांत चावीचं पातं स्मार्ट रिमोटच्या आतच दडवलेलं असतं आणि बाजूची छोटी कळ सरकवली की बाहेर येतं. गाडी घेतली त्याच दिवशी ते काढून पाहावं.

आता पावसाकडे वळू. दाराच्या काचेबाहेरचं बीडिंग पाणी पूर्ण अडवत नाही. काचेवरून ओघळणारं काही पाणी दाराच्या पोकळीत उतरतंच, आणि दाराची घडण ते गृहीत धरूनच केलेली असते. पॅडच्या मागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तो पाणी आतल्या बाजूला येऊ देत नाही. तळाशी छोटी भोकं असतात, त्यांतून पाणी खाली निघून जातं. लॅच आणि मोटार मात्र या कागदाच्या ओल्या बाजूला असतात. आपल्या भागातला लाल चिखल, काजू-आंब्याच्या झाडाखाली लावलेल्या गाडीतला पाला आणि धूळ यांनी ती भोकं बुजली, की पाणी दारात साचतं. दार उघडता-मिटताना आत ‘डबक्’ असा आवाज येऊ लागतो. मग लॅचचं ग्रीस धुऊन जातं, दांड्यांना गंज धरतो, जोडणीच्या पिनांवर हिरवट थर चढतो. मोटारीची ताकद तेवढीच, पण ओढायचा भार वाढलेला. ती अर्ध्यावर थांबते आणि चौथं दार उघडंच राहतं.

बिघाड कुठे आहे ते आवाजावरून बरंच कळतं. रिमोटने काहीच होत नाही, पण चालकाच्या दारातल्या चावीने सगळी दारं लागतात? दोष बहुधा रिमोटमध्ये. कशानेच काही होत नाही? आधी फ्यूज पाहा, मग गाडीची बॅटरी. एकच दार मुकं आहे? दार आणि खांब यांच्यामध्ये रबराची एक वळीदार नळी असते. दार हजारदा उघडून-मिटून तिच्यातली वायर आत तुटते. मोटार बदलण्याआधी ती तपासून घ्यावी. मोटार फिरल्याचा आवाज येतो पण लॉक हलत नाही? चाकांचे दाते झिजलेत किंवा दांडीची क्लिप निसटली आहे. सगळी दारं लागून लगेच उघडतात? एखादं दार किंवा डिकी पहिल्याच टप्प्यावर अडकली असेल, नाहीतर चालकाच्या दारातला स्विच चुकीचा निरोप देत असेल. कारागिराला एवढं नेमकं सांगितलं तर त्याचे तास वाचतात आणि आपले पैसे.

मुंबईच्या चाकरमान्यांच्या ज्या गाड्या गावी अंगणात महिनोन्‌महिने उभ्या असतात, त्यांच्या बाबतीत आणखी एक काळजी. रिमोटचा संदेश ऐकण्यासाठी गाडीतला रिसीव्हर सदैव जागा असतो आणि बॅटरीतून थोडी थोडी वीज घेत राहतो. काही आठवड्यांत अशक्त बॅटरी उतरते आणि रिमोट चालत नाही. तेव्हा चावीच हाती उरते. वर्षभर न वापरलेलं चावीचं छिद्र गंजून आवळलेलं असेल तर तीही फिरत नाही. म्हणून महिन्यातून एकदा दार मुद्दाम चावीने उघडावं.

आता जिवाशी संबंधित भाग. चार प्रवासी बसले आहेत, गाडीची वीज गेली आणि दारं लॉक आहेत. अशा वेळी आत अडकून पडायला होऊ नये म्हणून भारतात १ जुलै २०१९पासून तयार होणाऱ्या नव्या गाड्यांमध्ये सेंट्रल लॉक हाताने उघडण्याची सोय सक्तीची झाली. अनेक गाड्यांत एअरबॅगचा कंट्रोलर धडक ओळखतो आणि दारं आपोआप उघडण्याचा निरोप देतो. पण बॅटरीच तुटली तर तो निरोप पोहोचेलच असं नाही. भरवसा ठेवावा तो हातावर. काही गाड्यांत आतलं हँडल एकदा ओढलं की लॉक सुटतं आणि दुसऱ्यांदा ओढलं की दार उघडतं. काहींत आधी छोटी कळ वर करावी लागते. आपल्या गाडीत नेमकं काय आहे, ते इंजिन बंद ठेवून एकदा करून पाहा.

पावसाळ्यात कोल्हापूर जिल्ह्यातले बंधारे पाण्याखाली जातात. हिरण्यकेशीवरचा साळगाव बंधाराही जातो. अशा पाण्यात गाडी घालूच नये. दाराला बाहेरून अर्धा मीटर पाणी भिडलं आणि आत पाणी नसलं, तर मीटरभर रुंदीच्या दारावर सुमारे सव्वाशे किलो वजनाइतका दाब येतो. लॉक उघडं असलं तरी ते दार ढकलवत नाही. गाडी पाण्यात गेलीच तर आधी सीटबेल्ट सोडा, पाणी काचेपर्यंत चढण्याआधीच काच खाली करा आणि खिडकीतून बाहेर पडा. काच सरकत नसेल तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर टोकदार हातोडी मारा. पुढची काच दोन थरांची असते, ती फोडण्यात वेळ घालवू नका. अशी छोटी हातोडी चालकाच्या हाताशी ठेवावी, डिकीत नाही.

मुलांच्या बाबतीत नियम एकच. चावी आत असो वा नसो, मूल गाडीत एकटं सोडायचं नाही, मिनिटभरासाठीही नाही. बंद गाडी उन्हात फार झपाट्याने तापते. मुलांना हेही शिकवा की मागचं दार आतून उघडलं नाही तर पुढच्या सीटवर यायचं, पुढचं दार हाताने उघडायचं आणि हॉर्न वाजवत राहायचं.

मृगाआधी दोन तास काढा. दारांच्या तळाची भोकं काडीने मोकळी करा, लॅच पुसून त्यावर थोडं पांढरं ग्रीस लावा, चावीच्या छिद्रात तेल न ओतता ग्रॅफाइटची पूड सोडा, रिमोटचा सेल बदला. आणि घरातल्या प्रत्येकाला, आजी-आजोबांनाही, गाडीत बसवून विजेशिवाय दार उघडायला लावा. सेंट्रल लॉक ही सोय आहे. दार उघडण्याचं ज्ञान मात्र गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाकडे असलंच पाहिजे.