उष्णतेचा जमाखर्च

शीत देशांतील गृहस्थ घरातील ऊब बाहेर जाऊ नये म्हणून दारे-खिडक्यांच्या फटी बुजवतो. नवी मुंबईच्या उष्ण व दमट हवेत मात्र घराच्या ऊर्जा-लेखापरीक्षणाचा आरंभ गच्चीपासून करावा लागतो. १९ अंश उत्तर अक्षांशावरील या शहरात मे महिन्याच्या मध्यास माध्यान्हीचा सूर्य नेमका डोक्यावर येतो. त्यामुळे दक्षिणेची भिंत बरीचशी बचावते आणि उन्हाचा मारा गच्चीवर व त्याखालोखाल पूर्व-पश्चिमेच्या भिंतींवर होतो. दिवसभर शोषलेली ही उष्णता काँक्रीटचा स्लॅब सायंकाळनंतरही खोलीत सोडत असल्यामुळे वरच्या मजल्यावरचा पंखा रात्रीही ऊन हवाच ढवळत राहतो.

लेखापरीक्षणास प्रथम लागते ते दप्तर, म्हणजे महावितरणची बारा महिन्यांची बिले. मे महिन्याच्या युनिटांतून जानेवारीची वजा केली, की उरते ती बहुतांशी उन्हाळ्याने केलेली वसुली. मग झडती: वातानुकूलित खोलीच्या बंद दाराशी उदबत्ती धरावी, धूर सरळ न चढता एका बाजूस ओढला गेला, की फट सापडली. ही फट महाग पडते ती तिच्यातून शिरणाऱ्या बाष्पामुळे. कारण एसीच्या नळीतून निथळणाऱ्या प्रत्येक लिटर पाण्यामागे सुमारे दोन तृतीयांश युनिटाइतकी उष्णता त्या यंत्राला बाहेर टाकावी लागलेली असते.

केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ मध्ये सिद्ध केलेल्या ‘इको निवास संहिते’त नव्या निवासी इमारतींच्या छतातून, आत-बाहेरच्या दर अंश तफावतीमागे, प्रति चौरस मीटर १.२ वॅटपेक्षा अधिक उष्णता शिरू नये अशी मर्यादा आहे. उघडा स्लॅब ती सहज ओलांडतो. उष्णतेचा विचार मुळातच करता येतो: वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईतीलच बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये अंगणाभोवती बैठी घरे रचून वाऱ्याची तजवीज आराखड्यातच केली. बहुमजली सोसायटीला उष्णतेवरची तजवीज नंतर करून घ्यावी लागते.

येथेच खरी अडचण उद्भवते. पंचाहत्तर वॅटचा पंखा काढून तीस वॅटचा बसवणे किंवा पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून छज्जा काढणे यांचा खर्च आणि लाभ एकाच घरचा; गच्ची मात्र साऱ्या सभासदांची आणि तिच्या तापाचे बिल तेवढे वरच्या मजल्याचे, म्हणून सर्वसाधारण सभेत हा विषय सहसा निघतच नाही. तथापि गळती लागली, की कोबा नव्याने घालण्यास सारेच संमती देतात; त्याच ठरावात पांढऱ्या चायना मोझॅकचे कलम घालून घ्यावे, म्हणजे पावसाच्या खर्चात उन्हाचाही बंदोबस्त होतो.