सामान्यदाब जलशीर्ष आणि वृद्धांचे वर्तन

वार्धक्यात एखादी व्यक्ती अबोल झाली, आवडीच्या गोष्टी सोडून नुसती बसून राहू लागली, तर त्याचे कारण बहुधा वयात किंवा मनःस्थितीत शोधले जाते. पुष्कळदा ते तेथे असतेही. परंतु अशा वर्तनाबरोबर चालही बिघडली असेल, तर सामान्यदाब जलशीर्ष या विकाराचा विचार करणे अगत्याचे ठरते.

मेंदूच्या अंतर्भागातील विवरांत व मेंदूभोवती मिळून प्रौढ माणसात सुमारे १५० मिलिलिटर मस्तिष्क-मेरुद्रव असतो. दिवसाकाठी सुमारे ५०० मिलिलिटर नवा द्रव तयार होतो व जवळजवळ तितकाच शोषला जातो. या विकारात विवरे विस्तारतात. तथापि कमरेत सुई घालून मोजलेला द्रवाचा दाब सामान्य मर्यादेतच आढळतो. बोगोटा येथील मज्जाशल्यविशारद सालोमोन हाकीम यांनी १९६४ साली आपल्या प्रबंधात या अवस्थेचे वर्णन केले व १९६५ साली रेमंड अ‍ॅडम्स प्रभृतींसमवेत ते इंग्रजीत प्रसिद्ध केले. पाय जमिनीला चिकटल्यासारखी आखूड पावलांची चाल, बुद्धिव्यापारांचा ऱ्हास आणि लघवीवरील ताबा सुटणे, ही त्याची तीन प्रमुख लक्षणे होत. तिन्ही एकदमच दिसतात असे नाही.

मानसिक लक्षणांत औदासीन्य हे सर्वांत वारंवार आढळते. त्याची विषण्णतेशी गल्लत होते, म्हणून दोहोंतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. विषण्ण रुग्णास दुःख, अपराधीपणा वा निराशा जाणवते. उदासीन रुग्णास दुःखही फारसे नसते, त्याची प्रेरणाच मंदावलेली असते. प्रश्नाचे उत्तर तो उशिरा देतो, पण देतो; विसरलेली गोष्ट सुचविल्यास ती त्यास बऱ्याचदा आठवते. विस्तारलेल्या विवरांच्या ताणामुळे ललाटखंड व मेंदूतील खोलवरची केंद्रके यांना जोडणाऱ्या तंतुमार्गांचे कार्य बिघडते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. खरी विषण्णता, चिंता व चिडचिड हीही आढळतात. उन्माद, भ्रम व आक्रमकता क्वचित दिसतात.

हा भेद केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. भ्रमावर दिली जाणारी काही औषधे डोपामिनाचे कार्य रोखतात. त्यामुळे आधीच अडखळणारी चाल अधिक बिघडून रुग्ण पडण्याचा धोका वाढतो. उलट, निदान वेळीच झाले तर विकारावर उपाय आहे. मेंदूच्या प्रतिमाचित्रणात विवरे विस्तारलेली दिसल्यास ३० ते ५० मिलिलिटर द्रव काढून चालीत सुधारणा होते का, हे पाहतात. त्यानंतर योग्य रुग्णांत झडपयुक्त नलिका बसवून द्रव उदरपोकळीत वळविला जातो.

अपेक्षा मात्र माफक असावी. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या ९९ रुग्णांवरील प्रयोगात नलिका सर्वांनाच बसविली होती. काहींची झडप प्रवाह होऊ देणारी, तर काहींची जवळजवळ बंद ठेवलेली होती. तीन महिन्यांनंतर पहिल्या गटाची चाल स्पष्टपणे सुधारली. बौद्धिक चाचणीत मात्र दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. अनेक वृद्धांत अल्झायमरचा विकारही सोबत असतो, हेही विसरता कामा नये.

म्हणून वृद्धाच्या मनाची परीक्षा करणाऱ्याने त्यास खुर्चीतून उठवून चार पावले चालवून पाहणे, हा त्या परीक्षेचाच भाग मानला पाहिजे.